मिठागर, सदतिसावं वर्ष

बेस कुणाला ऐकू येत नाही.
बंद पडला तर मात्र लोक छताकडे बघतात,
पंखा थांबला का म्हणून.
तर तो मी. क्लेटसच्या झांजांना खेटून
इतकी वर्षं उभा,
की उजव्या कानात आता फक्त भरती आहे.

सुरुवातीला आम्ही देवाला बहिरा समजत होतो.
मरोळ गावठाणात, पिंटोच्या गॅरेजमागे,
अंड्यांचे ट्रे भिंतींना चिकटवून
एका ओळीत सहा हालेलुया,
आणि इग्नेशसची गिटार सातव्याच्या शोधात.
बोनाव्हेंचर घसा फाडायचा,
आम्ही त्याला साक्ष म्हणायचो.
फादर एकदा खिडकीशी येऊन म्हणाले,
पोरांनो, यरीहोची भिंत पडायलाही
सात दिवस लागले होते.

नाव मिठागर,
कारण क्लेटसचा बाप भांडुपला मीठ ओढायचा,
आणि कारण शुभवर्तमानात मिठाबद्दल लिहिलंय.
दुसरं कारण आम्ही पोस्टरवर छापलं.
पहिलं कळायला वीस वर्षं गेली:
पाणी आत घ्यायचं, बांध घालायचा,
आणि मग उन्हाच्या मध्ये मध्ये करायचं नाही.

इग्नेशस कुवेतला गेला,
परत आला तो पायाने दाबायची नऊ बटणं
आणि साखरेचा आजार घेऊन.
बोनाचा आवाज उतरला,
आधी अर्ध्या सुराने, मग जिन्यावरून.
ज्या वर्षी त्याची बायको गेली
त्याने आमच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यातला
'विजय' हा शब्द खोडला.
पेन्सिलीने खोडला. आम्ही ते पाहिलं,
बोललो नाही. गाणं तिथे
एक मात्रा रिकामं चालू लागलं
आणि लोक त्या रिकाम्या मात्रेवर रडू लागले,
विजयावर कधी रडले नव्हते.

मग खाली भुयार आलं.
मेट्रोचं यंत्र, दिवसरात्र, आमच्या फरशीखाली,
चहाच्या पेल्यात बारीक गोल गोल लाटा.
प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये तेच गुरगुरणं.
इग्नेशसची मुलगी रोशेल, हेडफोन कपाळावर सरकवून:
डॅडी, हे काढता येणार नाही.
पण हा सूर आहे.
अंगणात जाऊन आम्ही भांडलो.
परत आलो आणि तारा सैल केल्या,
खालच्या यंत्राला जुळेपर्यंत.

त्या स्वरात आमचं जुनं काहीच बसेना.
क्लेटसने काठ्या ठेवल्या, माळ्यावर चढला,
मावशीच्या लग्नातलं घुमट काढलं,
कातडं उन्हात धरलं, कान लावला.
इग्नेशसच्या मधल्या बोटाने वळायचं सोडलंय;
चाळीस सेकंदांच्या जागेत
त्याने एकच स्वर लावला
आणि तो पुरा संपेपर्यंत वाट पाहिली.
बोना गायलाच नाही.
रॉकला चर्चची मराठी लागते असं मानून
जी बोली आम्ही आयुष्यभर मायकबाहेर ठेवली,
जिच्यात आजी फुगे तळताना आम्हाला हाकलायची,
तिच्यात तो नुसता बोलला:
देवा, बस जरा आमचे संग.

हे पहिलं गाणं
ज्यात आम्ही देवाकडून काही मागितलं नाही,
बसण्यापलीकडे.

मे महिन्यात क्रुसाच्या सणाला
झेंडूत बुडालेल्या त्या दगडी क्रुसापुढे
ते वाजवायला घेतलं,
आणि खाली काही नव्हतं.
यंत्र पुढे निघून गेलं होतं, विमानतळाच्या दिशेने.
घुमट आलं, पाय टेकायला जागा मिळेना,
बोनाने वळून बघितलं. माझ्याकडे,
सदतीस वर्षांत पहिल्यांदा बहुतेक.

मी सगळ्यात जाडी तार सोडली.
तीच, पुन्हा तीच, बोट न लावता,
साडेचार मिनिटं.
बढती म्हणा, हवं तर.

नंतर उकडलेले चणे वाटताना
लुगड्यातली एक म्हातारी रोशेलला म्हणाली,
गाणं काय मला कळलं नाही बाय,
जनरेटर मात्र यंदा चांगला आणलाय.